डोंगरालाही लाइन क्लिअर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळी पर्यटनावर आपल्या अंकात गेले काही आठवडे जी वाचकपत्रं येताहेत, ती मी कात्रीने कापून एका वहीत चिकटवली आहेत. त्यांत सरळ दोन तट दिसतात. एक म्हणतो, धबधबे आणि गड पावसाळाभर बंदच ठेवा, माणसं मरताहेत. दुसरा म्हणतो, आठवडाभर लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला एक रविवार मिळतो, तोही तुम्हाला बघवत नाही. दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि तिथेच माझी पंचाईत होते. म्हणून हे पत्र. लांबलं तर हवं तिथे कापा, फक्त कासवाचं कापू नका.

आधी माझी ओळख. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागलो आणि मेंटेनर म्हणून ३६ वर्षांनी निवृत्त झालो. वडील गिरणीत प्रिंटिंग खात्यात होते. राहणं लालबागला, गाव राजापूर तालुक्यात. शनिवारी रात्री ड्यूटी उतरायची, शेवटची कर्जत नाहीतर कसारा पकडायची, पहाटे चालायला लागायचं आणि रविवारी रात्री घरी, हा नेम मी विशी ते पन्नाशी पाळला. कुठला क्लब नाही, संस्था नाही. डब्यात चपाती-भाजी, पाठीवर लष्करी कापडाची पिशवी आणि पायात खात्याचे बूट.

आता मुद्द्याचं. मुलगी नर्स आहे, अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या लास वेगास शहरात नोकरी करते. या मार्चमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे महिनाभर राहिलो. लास वेगास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जुगाराचे अड्डे आणि दिवे येतात. ते मी एका संध्याकाळी पाहिलं आणि पुरे झालं. गणपतीत आमच्या लालबागला त्याहून जास्त लाइटिंग असतं, आणि तिथे पैसे हरावे लागत नाहीत. मला ओढ होती ती शहराच्या पश्चिमेला दिसणाऱ्या डोंगरांची. दिव्यांच्या त्या हमरस्त्यापासून जेमतेम सत्तावीस किलोमीटरवर रेड रॉक कॅनियन नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. तांबडे कातळ, काटेरी झुडपं, वाळवंट. १९९० साली त्यांच्या संसदेने कायदा करून ते राखून ठेवलं. आकार सुमारे ७९० चौरस किलोमीटर, म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क त्यात सात वेळा मावेल. वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक तिथे येतात.

पहिल्या शनिवारी आम्ही आरामात नाश्ता करून दहाच्या सुमाराला निघालो. जावयांनी गाडी काढली. फाटकावर खाकी कपड्यातल्या माणसाने काच खाली करायला लावली आणि विचारलं, आरक्षण आहे का? नव्हतं. ऑक्टोबर ते मे या त्यांच्या हंगामात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत आतल्या रस्त्यावर जायचं तर आधी वेळ ठरवून आरक्षण करावं लागतं, आणि त्या दिवसाचं सगळं भरलेलं. त्याने हसून, हाताने वळायची जागा दाखवून आम्हाला परत पाठवलं.

खोटं कशाला बोलू, माझा पारा चढला. मी जावयांना म्हटलं, अहो, दुप्पट पैसे देतो म्हणावं. सात समुद्र ओलांडून आलोय. ते म्हणाले, “बाबा, पैशांचा प्रश्नच नाहीये. आत गाडी उभी करायला जागा नाही.”

गाडी वळेपर्यंत मी गप्प झालो होतो. कारण हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं आहे. पॅसेंजर ओरडायचे, गाडी का सोडत नाही? पुढचा ब्लॉक रिकामा नाही म्हणून सोडत नाही. रेल्वेत नव्याने लागलेल्या पोराला आम्ही पहिली गोष्ट शिकवायचो ती ही. दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक, त्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याचा निरोप, दिल्याशिवाय मागच्याने गाडीला सिग्नल द्यायचा नाही. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा लोखंडी गोळा पडल्याशिवाय इंजिन जागचं हलत नसे. मग आत मंत्री बसलेला असो की वऱ्हाड. उपनगरी मार्गावर ऑटोमॅटिक सिग्नल आले, ब्लॉकचे तुकडे लहान झाले, गाड्या एकामागोमाग धावू लागल्या, पण तत्त्व तेच. पुढचा हलल्याशिवाय मागचा नाही.

त्या फाटकावरच्या माणसाने डोंगराला ब्लॉक लावला होता, इतकंच.

त्या दिवशी जावयांनी गाडी बाजूच्या कॅलिको बेसिनला नेली. तिथे आरक्षण लागत नव्हतं. रेड स्प्रिंग नावाचा झरा आहे, त्याच्या पाण्यावर वाळवंटात हिरवळीचा एक तुकडा जगलाय. त्याच्या भोवताली जमिनीपासून वर उचललेली लाकडी पायवाट केलीय, म्हणजे हिरवळीवर कुणाचा पाय पडायला नको. आमच्या हिचे गुडघे दुखतात, तिला ती वाट फार मानवली. कॅलिको हे नाव वाचून मला वडील आठवले. कॅलिको म्हणजे सुती कापड, नाव पडलं आपल्या कालिकतवरून. वडील घरी आले की हाताला रंगाचे डाग असायचे, तांबडे, पिवळे, मधेच कोऱ्या कापडाचा पांढरा. अगदी तसेच पट्टे समोरच्या कातळावर होते. ही म्हणाली, “कावेने सारवलंय कुणीतरी, आणि मधे मधे विसरलंय.” कुठल्याही माहितीफलकापेक्षा हे वर्णन मला चोख वाटलं.

मंगळवारी आम्ही पहाटे उठलो. फाटक सहाला उघडतं, आणि आठच्या आत शिरलं तर आरक्षण लागत नाही, फक्त गाडीमागे वीस डॉलर प्रवेश. ज्याला लवकर उठायचा त्रास सोसवतो त्याला सवलत, हेही मला आवडलं. आतला रस्ता एकवीस किलोमीटरचा आणि एकेरी. एकदा शिरलात की मागे फिरणं नाही. बघायची जागा चुकली, तर पूर्ण फेरी मारून पुन्हा फाटकाशी. आमचे जावई एक थांबा चुकले आणि दोन मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही.

कॅलिको हिल्सवर ऊन पडलं तेव्हाचं मी काय लिहू. मुंबईकराला तांबडं म्हटलं की माथेरान आठवतं, परतल्यावर मोज्यांतून आठवडाभर निघणारी धूळ. मला राजापूरचा सडाही आठवतो, जांभ्याचा. माथेरान, राजापूर आणि हे वाळवंट, तिन्हीकडच्या रंगाचं मूळ एकच आहे, दगडातल्या लोखंडाला चढलेला गंज. फक्त आपला जांभा पावसाने झिजून झिजून तयार झाला आणि तिथला खडक वाऱ्याने उडवलेल्या वाळूच्या टेकड्या थिजून. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या टेकड्यांच्या तिरक्या रेघा आजही कातळात दिसतात, बोट फिरवता येतं.

त्याच्याही पुढची गंमत वर आहे. तांबड्या वालुकाश्माच्या डोक्यावर करड्या चुनखडकाची टोपी बसलीय, आणि तो चुनखडक सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा, खालच्यापेक्षा कितीतरी जुना. आजोबा नातवाच्या खांद्यावर बसावा तसा. जमिनीच्या पोटातल्या रेट्याने जुना थर उचलून नव्यावर सरकवला. हे घडलं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. फलकावर हा आकडा वाचून मी हिला हाक मारली. आपल्या सह्याद्रीचा लाव्हाही त्याच सुमाराचा, सहा कोटी साठ लाख वर्षांचा. म्हणजे लोहगड, हरिश्चंद्रगड आणि अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्या काळात थापले जात होते, त्याच्या आसपास हे तांबडे डोंगर एकमेकांवर चढत होते. गिल्बर्ट हिल ठाऊक नसेल तर एकदा जाऊन या. दोनशे फूट उंच काळ्या दगडाचा सुळका, वर गावदेवीचं देऊळ आणि चारही बाजूंनी इमारती इतक्या जवळ की गॅलरीतून हात लावावा. नेवाडात असता तर त्याला फाटक असतं.

पण पत्र लिहायला बसलो ते दगडाच्या वयासाठी नव्हे. ज्या गोष्टीने मला खरं हलवलं ती सँडस्टोन क्वॉरीच्या गाडीतळावर दिसली. तिथे शंभरेक वर्षांपूर्वी वालुकाश्माची खाण होती, आता तिथून पायवाटा निघतात. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्या हिशेबाने तो पाऊसही नव्हे, शिडकावा. लास वेगासला वर्षभरात पडतो सुमारे शंभर-एकशेपाच मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला, म्हणजे त्यांचा जवळपास नऊ वर्षांचा पाऊस आपण चोवीस तासांत घेतला. तर त्या शिडकाव्यानंतरच्या सकाळी लख्ख ऊन होतं, कातळ वरून कोरडा दिसत होता, आणि पाच-सहा तरुण गिर्यारोहक दोरांच्या पिशव्यांवर बसून कॉफी पीत होते. चढत कुणीच नव्हतं.

मी जावयांना मधे घालून विचारलं, बाबांनो, बसलात का? त्यांच्यातली एक मुलगी उठली, कड्याच्या पायथ्याला गेली, बुटाच्या टाचेने वाळू चार बोटं उकरली आणि आतली मूठभर माझ्या हातावर ठेवली. ओली होती. ती म्हणाली, हा दगड वाळूचाच, पाणी पितो. ओला असला की ताकद जाते. धरलेला कंगोरा हातात येतो, दोर अडकवलेली मेख निघू शकते. वरून कोरडा दिसला तरी आतून वाळायला एक ते तीन दिवस जातात. आज चढलो तर आम्ही पडूच, शिवाय कंगोरा कायमचा मोडेल, आणि उद्या येणाऱ्याला ती वाटच उरणार नाही. ते आठ तास गाडी चालवून आले होते. सुट्टीचे तीन दिवस, त्यातला एक गेला. पोलीस नव्हता, दोरी बांधलेली नव्हती, कुणाची शिट्टी नव्हती.

हे वाचून लगेच ‘बघा, तिकडचे लोक किती शिस्तीचे’ असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. त्याच आवारात कातळावर कोरलेली प्रेमिकांची नावं मी पाहिली, चिप्सचं पाकीट उचलून खिशात घातलं, आणि ‘गाढवांना खायला घालू नका’ या पाटीच्या शेजारी गाढवाला केळं देणारा बापही पाहिला. माणूस सगळीकडे सारखाच. तिथे रानगाढवं आहेत, खाण्याच्या लोभाने रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. आपल्या कान्हेरीच्या माकडांची गोष्ट काय वेगळी आहे?

फरक आहे तो कारण सांगण्याचा. त्या मुलीला मनाईचा आदेश पाठ नव्हता, वाळूचं कारण ठाऊक होतं. आणि ते कारण तिथे जागोजागी सांगितलेलं असतं. आता कासवाचं. वाळवंटी कासव तिथलं राखीव जनावर. माहिती केंद्रात लिहिलंय की कासव दिसलं तर उचलू नका. का? तर ते पिण्याचं पाणी मूत्राशयात साठवून ठेवतं आणि घाबरलं की सोडून देतं. पुन्हा पाऊस कधी पडेल सांगता येत नाही, म्हणजे तुमच्या कौतुकापायी ते तहानेने मरू शकतं. हे वाचल्यावर कोण उचलेल? आमच्या हिने त्या महिनाभरात गाडी सुरू करण्याआधी दरवेळी वाकून चाकाखाली बघितलं, कासव सावलीला बसलं असेल म्हणून. गुडघे दुखत असताना. दंडाच्या भीतीने ती एकदाही वाकली नसती.

तसंच पायवाट सोडू नका, हे. आम्हाला वाटतं, रेतीच तर आहे. पण त्या रेतीवर काळपट खडबडीत साय धरलेली असते. ती जिवंत असते, नीलहरित जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून विणलेली. तिच्यामुळे माती उडत नाही, पाणी मुरतं. एका बुटाचा ठसा भरून यायला दशकं लागतात. मी खाली बसून पाहिलं आणि नंतर पूर्ण वाट दगडादगडावरून चाललो, लहान पोरं लादीची रेघ चुकवतात तसा.

आता आपल्याकडे या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला, चौघे गेले. दोन्ही वेळा नंतर काय झालं? आदेश. पूर्वी त्याला कलम १४४ म्हणायचे, आता नव्या संहितेत १६३ आहे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी जाण्यास मनाई. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर अपघात झाला म्हणून आख्खा मार्गच बंद. पंधरा दिवस पोलीस उभे राहतात, मग गणपती येतात, पोलीस बंदोबस्ताला जातात, आणि मार्ग आपोआप चालू होतो, सिग्नलशिवाय.

त्या आदेशात पाणी का वाढतं ते कधीच नसतं. तुम्ही धबधब्यात उभे असता, डोक्यावर ऊन असतं, आणि पाऊस चार किलोमीटर वरच्या पठारावर पडत असतो. तिथलं पाणी खाली यायला थोडा वेळ लागतो, पण आलं की एकदम येतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला की लगेच काठावर यायचं, हे मला लोहगडाच्या पायथ्याच्या भाजे गावच्या एका आजीने १९७८ साली सांगितलं होतं. एका वाक्याचं शिक्षण. ते भुशीच्या पायऱ्यांवर कुठे मोठ्या अक्षरात लिहिलंय? आपला दगड वाळूचा नाही, पाण्याने मऊ होत नाही, म्हणून आपण बेफिकीर. पण त्यावर शेवाळ धरतं, आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो तांबड्या मातीचा पट्टा असतो तो भिजला की निसटतो. तिथेही वाळू उकरून बघण्यासारखं काहीतरी आहे, आपण पोरांना ते शिकवत नाही.

लोहगडाचं उदाहरण घेतो, कारण तो माझ्या पायाखालचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, आणि लोहगड त्यात आहे. आनंद आहेच. पण आता गर्दी वाढणार की कमी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वर जाणारी वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दारांतून वळत जाते. त्या पायऱ्या शत्रूला अडवायला बांधल्यात, सहलीला नव्हे. मी तीन वर्षांपूर्वी एका रविवारी भाच्याला घेऊन गेलो आणि दोन दारांच्या मधे सव्वा तास उभा राहिलो. वरून उतरणारे, खालून चढणारे, मधे छत्र्या, एक बाळ रडतंय, आणि मागून कुणीतरी ‘हर हर महादेव’ म्हणून ढकलतंय. मला त्या क्षणी घाम फुटला तो गर्दीचा नव्हे. माझ्या नोकरीत एकाच ब्लॉकमध्ये समोरासमोर दोन गाड्या घातल्या असत्या, तर मी तुरुंगात गेलो असतो.

माझं मागणं इतकंच आहे. लोहगडासारख्या दोन-चार ठिकाणी पावसाळी शनिवार-रविवारी ब्लॉक पद्धत चालवून बघा. वर एका वेळी किती माणसं सुखाने मावतात ते मोजा. पायथ्याला टोकन द्या, उतरताना परत घ्या. जितकी परत आली तितकीच पुन्हा द्यायची. वरच्या दारात आणि खालच्या फाटकात एकेक माणूस, हातात फोन नाहीतर साधी वॉकीटॉकी. पाऊस ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की टोकन बंद, आणि फळ्यावर कारण. सिग्नल खात्याचा आणखी एक नियम इथे उपयोगी पडेल. आमची यंत्रणा अशी बांधलेली असते की तार तुटली, वीज गेली, काही बिघडलं, तर सिग्नल आपोआप लाल होतो. शंका असेल तेव्हा लाल. आपल्या धबधब्यांवर नेमकं उलटं आहे, देखरेख बिघडली की हिरवा.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी कास पठार आठवावं. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून आधी नोंदणी घेतात, आजूबाजूच्या गावांतली माणसंच ते बघतात. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे तुमची मोटार जात नाही, मग ती कितीही लांबीची असो. २००३ पासून तो परिसर संवेदनशील म्हणून जाहीर आहे, पण मोटारी त्याच्याही कितीतरी आधीपासून नाक्यावर थांबताहेत. कुणी मोर्चा काढला नाही. उलट लोक तिथे त्याच कारणासाठी जातात.

तिकडची मात्र एक गोष्ट आणू नये. रेड रॉकला ते गाड्या मोजतात. आत जायला सार्वजनिक बस नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला डोंगर नाही. माझ्या मुलीच्या इस्पितळात सफाई करणारी एक बाई पंधरा वर्षं त्या शहरात राहते, तिच्या खिडकीतून तांबडा कडा दिसतो, आणि ती एकदाही तिथे गेलेली नाही. शिवाय आरक्षण ऑनलाइन, त्याचे वर दोन डॉलर, आणि शनिवारच्या वेळा बघता बघता संपतात. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणलं तर सगळी टोकनं पहाटे दोन वाजता कुणीतरी उचलेल आणि लोहगडाजवळच्या माळवली स्टेशनबाहेर तिप्पट भावाने विकेल. काळा बाजार करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

म्हणून आपण माणसं मोजावीत, आणि रेल्वेने आलेल्याला आधी घ्यावं. मुंबईहून लोणावळा, तिथून पुण्याकडची लोकल, माळवलीला उतरायचं, भाजे गावातून चालत. वर्षानुवर्षं मी असाच गेलो. निम्मी टोकनं माळवलीच्या खिडकीवर, त्या दिवशीचं रेल्वे तिकीट दाखवून, फुकट. उरलेल्यांचं काय करायचं ते मोटारवाल्यांनी बघावं. त्याने रस्त्यावरची कोंडीही कमी होईल, भाजे गावच्या लोकांना आपल्याच दारातून घरी जाता येईल. टोकन वाटायला आणि मोजायला पायथ्याच्या गावांतलीच पोरं घ्यावीत, मजुरी देऊन. रेड रॉकला विलो स्प्रिंगजवळ कातळावर जुन्या माणसांच्या हाताचे तांबडे ठसे आहेत, जवळ त्यांच्या कंद भाजायच्या भट्ट्यांच्या खुणा आहेत. दक्षिणी पायूट लोक त्या भूमीला आपली मानतात. पण फाटकावर, दुकानात, माहिती केंद्रात त्यांच्यातलं कुणी आहे का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. आपल्या बोरिवलीच्या पार्कातल्या पाड्यांवरचे वारली आठवले. डोंगर राखताना त्यातला माणूस बाहेर राहू नये.

माझ्या गावच्या सड्यावरही तशीच कातळशिल्पं आहेत. लहानपणी आम्ही त्यांवर बसून करवंदं खायचो, कोणी सांगितलं नाही म्हणून. परवा गेलो तेव्हा दगड रचून कुंपण केलेलं दिसलं. शेजारी पाटी होती, ‘प्रवेश निषिद्ध’. एवढंच. कशाला निषिद्ध, आत काय आहे, किती जुनं, काही नाही. एका पोराने माझ्यासमोर कुंपणावरून उडी मारली, आत काय लपवलंय ते बघायला.

माझं वय सत्तर. महादरवाजापर्यंत आता दम लागतो, पण माळवली स्टेशनावर बसायला दम लागत नाही. प्रशासनाने यंदाच्या उरलेल्या पावसाळ्यात एक रविवार जरी हा प्रयोग केला, तर मी पहिल्या गाडीने येऊन खिडकीवर बसेन. सोबत माझ्या खात्यातले दोघे निवृत्त आहेत, त्यांना विचारलंय, तयार आहेत. रजिस्टर आमचं आम्ही आणू. वर किती गेले, खाली किती आले, पाऊस किती, आणि टोकन बंद केलं तर का केलं, हे फळ्यावर लिहायचं कामही माझ्याकडे द्या. अक्षर बरं आहे, आणि खडू हिने आत्ताच पिशवीत टाकून ठेवलाय.

आपला,
सिग्नल खात्यातला एक निवृत्त मेंटेनर,
लालबाग, मुंबई

(नाव छापू नये. भाचा म्हणतो, मोटारवाले घरी येतील.)